टिपणीसकाकांचा रुबार्ब

टिपणीसकाका आमच्याकडे चहाला आले की आधी कप बदलून घेत. त्यांच्यापुढचा कप माझ्याकडे सरकवत, माझा स्वतःकडे ओढत आणि मी एक घोट घेईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसत. माझ्या बायकोला, सुमनला, सुरुवातीला याचा राग यायचा. पुढे ती त्यांचा बिनसाखरेचा कप थेट माझ्यापुढेच ठेवायला लागली.

काका आणि मी दोघंही रेल्वेत, लखनौला आलमबागच्या एकाच कॉलनीत शेजारी. ते ऑफिसात माझे साहेब आणि घरी काका. मालतीकाकू वारलेल्या, एकुलता एक शरद इंग्लंडला. जगाला काकांचा एकच प्रश्न असे: "हेतू काय?" दूधवाल्याने मापावर थोडं जास्त घातलं, हेतू काय? कॉलनीतल्या मिश्राजींकडून होळीच्या गुजिया, म्हणजे तिकडच्या करंज्या, आल्या, हेतू काय? एकदा मी त्यांना "तब्येत छान दिसतेय" म्हणालो, तर आठवडाभर ते मला टाळत होते.

शरदने तिकडच्या हेलन नावाच्या मुलीशी लग्न केलं, तेव्हा आम्ही त्या प्रश्नाची वाटच पाहत होतो.

"हेतू काय असेल तिचा?" काका म्हणाले.

"आवडला असेल तिला," सुमन म्हणाली.

"कोण, शरद?"

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास त्यांनी अंगणात वाफे केले. शरदकडून बियांची पाकिटं मागवली होती. काय लावताय विचारलं तर हळूच "रुबार्ब" म्हणाले आणि मी हे कुणाला सांगेन याचा अंदाज घेत राहिले. थंडीत झाडं वर आली. बोटाएवढे जाड, लालसर देठ आणि त्यांवर अळूसारखी पसरट पानं. काकांनी भोवती तार लावली आणि पाटी टांगली, 'पत्ते ज़हरीले हैं'. ते खरंच होतं. रुबार्ब ही विलायती भाजी; तिचे देठ खायचे असतात, पानं विषारी. पण पाटी वाचून कॉलनीला संशय आला. मिश्राजींनी मला फाटकापाशी गाठलं.

"जोशीजी, सच बताइए, अफीम तो नहीं है?"

"नहीं नहीं, खाने की चीज़ है."

"खाने की? और ज़हरीली?" असं म्हणून ते नातवाचा हात धरून रस्त्याच्या पलीकडून चालायला लागले. आमच्याकडची माकडं वाळत घातलेले मोजेसुद्धा पळवायची. तीही त्या वाफ्याकडे फिरकत नव्हती.

फेब्रुवारीत काकांनी देठ साखरेत शिजवून आम्हाला बोलावलं. वाटीत गुलाबी, तारा सुटलेला लगदा होता. मी माझी वाटी त्यांच्यापुढे सरकवली आणि त्यांची ओढून घेतली. त्यांना ते रीतसरच वाटलं असावं.

चव म्हणाल तर आजारी कैरीवर साखर ओतल्यासारखी. माझे दात आंबले. सुमन मात्र विदर्भातली, आंबट चुक्यावर वाढलेली. तिने वाटी चाटूनपुसून संपवली. "अहो, हा आपला चुकाच, लठ्ठ झालेला. गूळ आणि दाण्याचं कूट घालून भाजी करा याची."

काकांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. स्वतः ते डोळे मिटून, काढा घ्यावा तसं गिळत होते.

"तुम्हाला आवडतं हे?" मी विचारलं.

"अजिबात नाही."

"मग लावलंत कशाला?"

"साखर किती लागते ते कळायला नको का?" म्हणत त्यांनी वाट्या उचलल्या.

मार्चमध्ये शरद आणि हेलन आले. चारबाग स्टेशनवर मीही गेलो होतो. काकांनी हमालाची उलटतपासणी घेतली, टांगेवाल्याची घेतली. हेलनला मात्र एकच विचारलं, प्रवासात झोप लागली का. रात्रीच्या जेवणाला आम्हीही होतो. शेवटी वाट्या आल्या.

"तुमच्याकडचं आहे," काका तिला इंग्रजीत म्हणाले. "घरची आठवण येत असेल, म्हणून लावलं."

हेलनने शरदकडे पाहिलं, शरदने छताकडे. मग तिने वाटी संपवली आणि अजून मागितली.

दोनेक दिवसांनी ती सुमनला म्हणाली, "शाळेत सारखं तेच खायला घालायचे. मला त्याचा वाससुद्धा सहन होत नाही. पण शरदला वाटलं होतं, बाबांनाच ते आवडतं, म्हणून बिया मागवतात. त्यांना सांगू नका." ती होती तोवर रोज वाटीभर खात राहिली.

दोघांना गाडीत बसवून आम्ही परतलो. काका वाफ्यापाशी थांबले. ऊन वाढलं होतं, पानांनी माना टाकल्या होत्या.

"जोशी, तिला ते आवडत नाही."

मी सावध झालो. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? पहिल्याच घासाला कळलं. पाणी पिऊन पिऊन गिळत होती."

"मग रोज का वाढत होतात?"

त्यांनी एक सुकलेलं पान खुडलं आणि बराच वेळ हातातच धरलं.

"रोज म्हणायची, बाबा, आज फार छान झालंय," ते म्हणाले. "मालती गेल्यापासून माझ्यासाठी कुणी खोटं बोललं नव्हतं."

ऊन अजून उतरलं नव्हतं, तरी ते झारी आणायला आत गेले.