शमुवेलकाकांचं गाण्याचं दान

आम्ही गीताच्या शेवटच्या ओळीवर येतो, तेव्हा शमुवेलकाका 'आमेन' म्हणून खाली बसलेले असतात. आमच्या मुलुंडच्या चर्चच्या मंडळीत दीडशे माणसं एका सुरात गातात, आणि काका दुसऱ्या. यात अतिशयोक्ती नाही. मी खजिनदार आहे, मला ती जमत नाही.

याचं मूळ पाळकसाहेबांच्या एका उपदेशात आहे. देव प्रत्येकाला एखादं कृपादान देतो. कुणाला शिकवण्याचं, कुणाला सेवेचं. ते ओळखावं, वाढवावं आणि मंडळीसाठी वापरावं, असं ते म्हणाले. आम्ही मान डोलावली आणि घरी जाऊन जेवलो. काकांनी मात्र मनावर घेतलं. त्यांचा जन्म टेलिफोन खात्यात गेलेला. "तपासल्याशिवाय लाइन डेड म्हणायची नाही, खजिनदार!" हे त्यांचं पालुपद.

आधी त्यांनी शिकवण्याची लाइन तपासली. संडेस्कूलमध्ये नोहाच्या तारवाची लांबी, रुंदी, उंची आणि मजल्यांचं क्षेत्रफळ. मला तो तास फार आवडला. मुलांना नाही. मग आजाऱ्यांना भेटण्याचं दान. हॉस्पिटलात त्यांची प्रार्थना इतकी लांबली, की शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, "काका, माझ्यासाठी नको हां, मला उद्या डिस्चार्ज आहे."

आणि मग गाणं. तिथे काका थांबले ते थांबलेच. रोज संध्याकाळी सराव. खालच्या मजल्यावरून परबवहिनींची हाक यायची, "काका, चेडवाक आत्ताच निजवलंय हां!" त्यांच्या झोपलेल्या पोरीसाठी काका खिडकी लावून घ्यायचे आणि पुढे गायचे.

रविवारी चर्चमध्ये काकांच्या शेजारी त्यांच्या पत्नी, रूथकाकू, बसलेल्या असत. एकेकाळी चर्चचा गायकवृंद, आमचा कॉयर, त्यांच्या बोटावर चालायचा. आता दोन वर्षांपासून त्यांना माणसं आठवत नाहीत. गीतपुस्तक उलटं धरतात.

ख्रिसमस जवळ आला तसा कॉयरमास्तर कमिटीत कडाडला, "एक तर काका गातील, नाहीतर आम्ही. नाताळची वाट लागेल!" काकांना गाणं बंद करायला कुणी सांगायचं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. स्पष्ट बोलण्याचं दान माझ्याकडे आहे म्हणे.

शनिवारी संध्याकाळी गेलो. काका काकूंना पेज भरवत होते.

"भाऊ, हे पाहुणे कोण?" काकूंनी काकांना विचारलं.

"आपले खजिनदार, रूथ."

"आणि तुम्ही?"

"मी शमुवेल." काकांनी त्यांचं तोंड पुसलं. "चाळीस वर्षांची ओळख आहे आपली."

"असेल," काकू सौजन्यानं म्हणाल्या.

मी घसा खाकरला. "काका, गाण्याबद्दल जरा बोलायचं होतं."

"बोला ना. पण सरावाची वेळ झालीय, दोन मिनिटं." त्यांनी वाटी खाली ठेवली आणि गीत सुरू केलं. दुसऱ्या ओळीला सूर गेला, तिसरीला ताल. मी जमिनीकडे बघत बसलो.

फाट्कन आवाज आला. काकूंनी काकांच्या गुडघ्यावर चापट मारली होती.

"अहो! किती घाई ती! लग्नापासून सांगतेय, श्वास घ्या मधे!"

आणि काकूंनी ती ओळ गाऊन दाखवली. बारीक आवाजात, पण अचूक. शब्दही सगळे. काका पुढे वाकून ऐकत होते. ओळ संपली आणि काकू पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या.

"दिवसभर मी भाऊ असतो," काका हळूच म्हणाले. "चुकलो की तेवढ्यापुरता अहो. चर्चमध्ये कोपर मारते." मग चष्मा पुसत म्हणाले, "तुमचं काय काम होतं?"

कमिटीचं वाक्य मी रिक्षात दोनदा घोकलं होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "नाताळला जरा मोठ्यानं गा, काका. मागच्या बाकांपर्यंत पोचत नाही."