पाठ टेकण्याची व्याख्या

लिंडी शहराच्या दक्षिणेला, किनाऱ्यावर आमचं गाव आहे आणि गावाला एक पाणी कार्यालय आहे. तिथले एकमेव कारकून हामिसी नांदोंदे दुपारी मासे-भात जेवून टेबलामागच्या चटईवर पडत. कोणाचा नळ अडला की तो खिडकीवर थापा मारी. नांदोंदे डोळे चोळत, काहीबाही पुटपुटत उठत आणि पाना घेऊन त्याच्याबरोबर चालू लागत. एकवीस वर्षं असं चाललं. कोणाची तक्रार नव्हती, आणि तक्रार नाही हेच राजधानीत संशयास्पद ठरलं.

तपासणीला एंगेलबर्टा मुशी नावाच्या अधिकारी बाई आल्या, त्या भर दुपारी. दारात चहा करणारी सोमोए बसली होती.

"कारकून कुठे आहेत?"

"जरा पाठ टेकलीय त्यांनी."

"कशाला टेकलीय?"

"चटईला, बाई."

मुशीबाईंनी वही उघडली. "गैरहजेरीच्या कारणांत हे बसत नाही. आजारपण आहे, मयत आहे, बाळंतपण आहे."

"बाळंतपण लिहा मग," सोमोए म्हणाली. "पोट आहे त्यांना."

मुशीबाई हसल्या नाहीत. त्यांनी वर पत्र लिहिलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं की, सदर शब्दप्रयोगाची व्याख्या होईपर्यंत कोणीही पाठ टेकू नये. व्याख्येसाठी समिती नेमली गेली. गावात अशा अर्थाचे शब्द ढिगाने आहेत हे कळल्यावर समितीला मुदतवाढ मिळाली.

अखेर परिपत्रक निघालं. 'पाठ टेकणे' म्हणजे सात मिनिटं, डोळे उघडे ठेवून. 'आडवं होणे' चाळीस अंशांपर्यंत कारकुनाच्या अधिकारात. त्यापुढच्या अंशांना वरिष्ठांची मंजुरी. 'डुलकी'ला दोन साक्षीदार, शिवाय ते स्वतः जागे होते असा दाखला. 'डोळा लागणे' हे नकळत घडतं, हे समितीने मोठ्या मनाने मान्य केलं. त्याची सूचना फक्त एक दिवस आधी द्यायची होती. 'ताणून देणे' राजधानीने स्वतःकडे राखून ठेवलं.

नांदोंदे सरळ माणूस. त्यांनी शाळेतून कोनमापक मागून आणला आणि अर्ज भरायला बसले. अर्ज पुरा होईपर्यंत कार्यालय बंद व्हायची वेळ होई. महिनाभर ते टक्क जागे राहिले. एका मंगळवारी झोपेच्या तारेत त्यांनी भलताच व्हॉल्व्ह फिरवला आणि खालच्या वस्तीचं सगळं पाणी मिठागरात गेलं.

लिंडीला चौकशीची बैठक बसली. नांदोंदे नोकरी जाणार म्हणून हातपाय गाळून आत गेले. बघतात तर समितीचे पाचही सदस्य खुर्चीत मान टाकून होते. एकाला तर लाळ गळण्याइतकी गाढ झोप लागली होती. टोकाला मुशीबाई तेवढ्या जाग्या, पेन धरून बसल्या होत्या.

"बाई," नांदोंद्यांनी दबकत विचारलं, "ही डुलकी म्हणायची की ताणून देणं?"

"ही बैठक आहे."

"हिला अर्ज लागतो?"

"हिला चहा लागतो," मुशीबाई म्हणाल्या आणि त्यांचीही मान खाली गेली.

निर्णय झालाच नाही, त्यामुळे नोकरी टिकली. परतल्यावर नांदोंद्यांनी 'खालची वस्ती पाणीपुरवठा पुनर्विचार बैठक' सुरू केली. रोज सकाळी दहापासून. सदस्य एकच. पूर्वी जेवणानंतर तासभर पडणारा माणूस आता दिवसभर पडू लागला, नियमाने.

दहाव्या दिवशी मासेवाला लिक्वाता रिकामा डबा घेऊन आला. त्याने थाप मारायला हात उचलला.

"साहेब बैठकीत आहेत," सोमोए म्हणाली.

हात तिथेच थांबला. "कसली बैठक?"

"तुमच्याच पाण्याची."

लिक्वाताला भरून आलं. त्याने डबा आवाज न करता खाली ठेवला आणि चपला काढल्या. आतून घोरणं ऐकू येत होतं.

"चर्चा जोरात चाललीय," त्याने मागे आलेल्या बाईला कुजबुजत सांगितलं. तिने मान डोलावली. रांग वाढत गेली. कोणी खोकला तर बाकीचे त्याच्याकडे डोळे वटारून बघत.

तुम्हाला हसू येत असेल, तर हरकत नाही. फक्त हळू हसा. तुमच्याही गावाची बैठक आत चालू आहे.