परवानगी आहे, खानम

"साहेब कुठायत?" लसीच्या दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, आणि मंसूरेखानम चक्क खोटं बोलल्या.

"खाली गाडी लावताहेत."

खोटं बोलायचं म्हणून त्या घरातून निघाल्या नव्हत्या. नेपाळच्या डोंगरात पायी फिरायला जायचं, तर काविळीची लस दोन वेळा घ्यावी लागते. पहिली वेळ नवराबायकोने शेजारी शेजारी बसून उरकली होती. इरजआगांनी सुई पाहून डोळे घट्ट मिटले होते आणि नर्सला सांगितलं होतं, "आधी हिला द्या. ही ओरडली नाही, तर मी घेतो." दुसऱ्या सुईची वेळ यायच्या आतच ते गेले. त्याला दीड वर्ष झालं. दवाखान्याचा मोबाइलवरचा निरोप मात्र अजून दोघांच्या नावाने येत होता, "आपला दुसरा डोस राहिला आहे." इरजआगांची इतक्या नेमाने चौकशी करणारं दुसरं कुणी उरलं नसल्यामुळे मंसूरेखानमना तो निरोप बंद करवत नव्हता.

"गाडी लावायला इतका वेळ?" नर्सने त्यांच्या दंडावर कापूस दाबत विचारलं.

"तजरीशमध्ये जागा मिळते कुठे, बाई."

हे मात्र खरं होतं. नर्सलाही पटलं. तिने इरजआगांची लस फ्रिजमधून काढून ट्रेमध्ये ठेवली. मंसूरेखानम त्या इवल्या बाटलीकडे बघत बसल्या. शेवटी गाडी उचलून नेली असेल असं काहीतरी पुटपुटत त्या बाहेर पडल्या. नर्सने मागून सांगितलं, "उद्या पाठवा त्यांना. मी बाजूला काढून ठेवते."

तिथून त्या पासपोर्टच्या कचेरीत गेल्या. एका खोट्यानंतर दुसरं सोपं जातं म्हणतात, पण खिडकीमागच्या कारकुनाने सोपं जाऊ दिलं नाही.

"नवऱ्याची सही कुठाय?"

"ते डोंगरात आहेत."

हेही खरंच होतं. इरजआगांना त्यांच्या गावी, अहारच्या उतारावर, अक्रोडाच्या झाडांखाली पुरलं होतं.

"मग खाली उतरले की घेऊन या."

"ते आता नाही उतरायचे."

कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. पाठीमागे ही एवढी रांग, पण माणसाला दुसऱ्याच्या संसारात रस असतोच. "भांडण झालंय का?"

"नाही हो. एका शब्दानेही नाही."

"नवरे रुसतात, खानम. माझं बघा, मी स्वतः दोनदा आईकडे जाऊन राहिलोय. नंबर द्या, मी समजावतो त्यांना."

"तिथे फोन लागत नाही," मंसूरेखानम म्हणाल्या, आणि डोक्यावरची चादर सावरून रांगेतून बाहेर आल्या.

आता हे सहीचं प्रकरण सांगायला हवं. लग्न झालेल्या बाईला देशाबाहेर जायचं तर नवऱ्याची परवानगी लागते, हा कायदा इरजआगांना लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सापडला होता आणि त्यांनी त्याची आयुष्यभर थट्टा केली. मंसूरेखानम साध्या भाकरीवाल्याकडे निघाल्या, तरी दारात थांबून विचारायच्या, "जाऊ ना?" मग इरजआगा वर्तमानपत्रामागून सरकारी आवाज काढायचे, "परवानगी आहे, खानम. येताना सांगक आण." सांगक म्हणजे खड्यांवर भाजलेली लांब भाकरी, ती त्यांना गरम लागायची. पासपोर्टचं निघालं तेव्हाही ते म्हणाले होते, "आधी सुया उरकू. सहीचं काय, मी घरातच आहे."

इस्पितळात इरजआगांच्या शेवटच्या दिवशी मंसूरेखानमनी विचारलं होतं, "घरी जाऊन कपडे बदलून येऊ ना?" नाकात नळी असतानाही त्यांनी तोच आवाज काढला होता. परवानगी मिळाली म्हणून त्या गेल्या. परत आल्या, तेव्हा पलंगावरची चादर बदललेली होती. कागदात गुंडाळलेली सांगक त्यांच्या हातात होती आणि ती अजून गरम होती.

शुक्रवारी दरबंदच्या चढावर, चहाच्या टपरीत, त्यांनी हे सगळं बहमनआगांना सांगितलं. बहमनआगा इरजचे जुने डोंगरमित्र, घड्याळं दुरुस्त करून निवृत्त झालेले, डाव्या कानाने ठार बहिरे. नेपाळला तेही येणार होते.

"इरजच्या मृत्यूची नोंद दाखवा की. विधवेला कुणाची सही लागत नाही," ते म्हणाले.

"नोंद केलीच नाही मी. गावात कुणी कागद मागितला नाही, मीही दिला नाही."

"का?"

"ओळखपुस्तिका घेतात आणि भोकं पाडतात तिला, बहमनआगा. सगळ्या पानांतून. फोटोतूनसुद्धा."

बहमनआगांनी खडीसाखर दातात धरली, पण ते चहा प्यायले नाहीत. त्यांच्या बायकोची पुस्तिका त्यांनी स्वतः नेऊन दिली होती. "पाडतात खरी," ते म्हणाले. "आवाज होतो त्याचा." डाव्या कानाने बहिरा माणूस हे सांगतो म्हटल्यावर मंसूरेखानमनी हातातला चहा खाली ठेवला.

मग त्यांना धीर द्यायचा म्हणून बहमनआगा भलतंच बोलून बसले. "मी आहे ना. तुमच्यासाठी जीव हाजीर आहे. सहीचं काय घेऊन बसलात, म्हणाल तर नवरा म्हणून खिडकीपाशी उभा राहतो."

आपल्याकडे असं बोलायची रीत आहे. बोलणाऱ्याने जीव द्यायचा, ऐकणाऱ्याने तीनदा नको म्हणायचं, आणि दोघांनी आणखी एकेक चहा घ्यायचा. मंसूरेखानम एकदाही नको म्हणाल्या नाहीत.

"उद्या सकाळी या," त्या म्हणाल्या. "सूट घालून."

बहमनआगांना चहाचा ठसका लागला तो टपरीवाल्याने पाठीत थापट्या मारल्यावर थांबला.

दुसऱ्या दिवशी कारकुनाने त्यांचं मनापासून स्वागत केलं. आपण लग्न वाचवलं, असं त्याला वाटत होतं. "उतरलात म्हणायचं एकदाचे," तो म्हणाला आणि त्याने इरजआगांची पुस्तिका उघडली. फोटोत दाट कुरळे केस होते आणि झुपकेदार मिशा. खिडकीपलीकडे संपूर्ण टक्कल उभं होतं.

"केस?"

"गेले," बहमनआगा म्हणाले.

"मिशा?"

"त्यापण गेल्या."

"बायकोला टाकून डोंगरात बसल्यावर आणखी काय होणार. वडिलांचं नाव?"

प्रश्न नेमका डाव्या बाजूने आला. "संधिवात," बहमनआगांनी ठणकावून सांगितलं.

रांगेत कुणीतरी हसलं. मंसूरेखानमनी त्यांच्या पायावर पाय दिला, त्यांनी घाईघाईने वडिलांचं नाव सांगितलं, आणि ते स्वतःच्या वडिलांचं निघालं. कारकुनाने पुस्तिकेत पाहिलं. "इथे गुलामअली लिहिलंय."

"घरात तसं म्हणायचे त्यांना."

कारकुनाला संशय आला असेलही, पण हातातोंडाशी आलेला समेट मोडायची त्याची तयारी नव्हती. त्याने शिक्का उचलला आणि नियमाप्रमाणे मोठ्या आवाजात विचारलं, "आगा, या खानमना देशाबाहेर जायला तुमची परवानगी आहे?"

इतका वेळ गोंधळलेल्या बहमनआगांना पहिल्यांदाच उत्तर ठाऊक असलेला प्रश्न मिळाला. इरजच्या प्रत्येक डोंगरमित्राने ते उत्तर डोंगरावर शेकडो वेळा ऐकलं होतं. त्यांनी घसा खाकरला आणि इरजचा तो सरकारी आवाज काढला.

"परवानगी आहे, खानम. येताना सांगक आण."

मंसूरेखानमनी खिडकीची कड धरली. मातीच्या वेळीही त्या अशा रडल्या नव्हत्या. तेव्हा पाहुण्यांच्या चहाकडे बघायचं होतं. आता रांगेसमोर त्या हुंदके देत होत्या आणि बहमनआगा काय चुकलं ते न कळून सूटच्या खिशात रुमाल शोधत होते.

"हे माझे यजमान नाहीत," त्या म्हणाल्या. "माझे गेले. इरज गेले." दीड वर्षात हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडले.

कारकुनाने शिक्का खाली ठेवला. "हा गुन्हा आहे, ठाऊक आहे?" तो हळूच म्हणाला.

"काय म्हणालात?" बहमनआगांनी विचारलं.

"काही नाही. मी तुम्हाला पाहिलेलं नाही. तुम्ही सूटबीट घालून दुसरीकडे कुठेतरी निघाला होतात." मग त्याने पुस्तिका दोन्ही हातांनी मंसूरेखानमना परत दिली. "नोंद करून या, खानम. ते करावंच लागतं."

त्यांनी ते केलं. नोंदणीच्या कचेरीतल्या बाईला त्यांनी विचारलं, "चेहरा सोडून भोक पाडता येईल?" त्या बाईने पान जरा सरकवलं, आणि भोक इरजआगांच्या कॉलरमधून गेलं. आवाज खरंच झाला. तिथून त्या लसीच्या दवाखान्यात गेल्या आणि दारातच नर्सला खरं काय ते सांगितलं. नर्सने बाजूला काढून ठेवलेली बाटली फ्रिजमध्ये मागे सरकवली आणि बराच वेळ फ्रिजचं दार लावलं नाही. त्यानंतर दवाखान्याचे निरोप बंद झाले.

पुढच्या आठवड्यात मंसूरेखानम पुन्हा त्याच खिडकीपाशी उभ्या राहिल्या. कारकुनाने नोंदीचा कागद पाहिला, अर्जावर नेपाळ लिहिलेलं वाचलं, शिक्का मारला आणि अर्ज आत सरकवला.

"झालं. आता तुम्हाला कुणाचीही परवानगी लागत नाही."

त्याने हे चांगली बातमी म्हणून सांगितलं. मंसूरेखानम जागच्या हलल्या नाहीत. मागची बाई म्हणाली, "अहो, नाही लागत म्हणाले ना ते. आमच्यांना आणायला मला टॅक्सी करावी लागली."

"अजून काही राहिलंय का?" कारकुनाने विचारलं.

"तुम्ही एकदा म्हणता का?"

"काय?"

"परवानगी आहे, म्हणून."

कारकुनाने रांगेकडे पाहिलं, मग शिक्क्याकडे. असा काही नियम नव्हता. त्याने चष्मा नीट केला, कॉलर सारखी केली आणि तो सरकारी आवाजात म्हणाला, "परवानगी आहे, खानम."

मंसूरेखानमनी मान हलवली आणि त्या वळल्या. कुणी प्रवासाला निघालं की आपल्या लोकांच्या तोंडून जे आपोआप निघतं, ते त्याच्याही तोंडून निघालं. तो खिडकीतून किंचित वाकून म्हणाला,

"येताना थोडा चहा आणा. तिकडचा चांगला असतो म्हणतात."