तीन शिट्ट्यांचा नियम

आणीबाणीची तयारी कशी करावी, हे मला कुणी शिकवू नये! आमच्या शाळेत दर उन्हाळ्यात मुलांचं दिवसभराचं शिबिर भरतं आणि त्याची सुरक्षा-प्रमुख मी आहे. एरवी मी त्याच शाळेची ग्रंथपाल. पुस्तकं बिचारी पळत नाहीत, झाडावर चढत नाहीत, नाकात मणी घालत नाहीत. तीस वर्षं त्यांच्यात काढली म्हणून मुख्याध्यापकांना वाटलं, बाई शांत डोक्याच्या आहेत, द्या यांच्याकडे अडतीस मुलं!

मी एकदा काम अंगावर घेतलं की अर्धवट सोडत नाही. बावीस पानांची नियमावली लिहिली. सगळ्या मुलांना मानेवर पदर असलेल्या पिवळ्याधमक टोप्या घातल्या, म्हणजे लांबून दिसावीत. मुलं खोलीत शिरून आतून कडी लावून बसतात, म्हणून खोल्यांच्या आतल्या कड्या आणि मुठी काढून घेतल्या. आणि शिट्ट्यांचे नियम केले. एक शिट्टी म्हणजे रांग. दोन म्हणजे मोजणी. तीन म्हणजे इमारतीत धोका! मग जिथे असाल तिथे खाली बसायचं, हात डोक्यावर ठेवायचे आणि कुणीही, अगदी कुणीही, आत जायचं नाही. मोठी घंटा झाली तर हातातलं टाकून मैदान गाठायचं आणि इमारतीत परत जायचं नाही. हे सगळं रोज सकाळी मुलांकडून एका सुरात म्हणून घेत होते.

चौथ्या आठवड्यात माझी अवस्था काय विचारता! घसा बसलेला, पाय सुजलेले, आणि डोळे मिटले की पिवळ्या टोप्या दिसायच्या. घरी यजमान म्हणाले, "जेवायला ये," तर मी म्हणाले, "आधी रांग करा." इतकी मी थकले होते. पण शनिवारी अग्निशमन दलाचे साहेब तपासणीला येणार होते, आणि मी ठरवलं, यांना असा सराव दाखवायचा की त्यांनी वही काढून लिहून घ्यावं!

माझी योजना साधी होती. एक मूल गुपचूप लपवायचं. मग घंटा. मग मोजणी. दोन्ही शिक्षकांना अडतीसऐवजी सदतीस मुलं सापडली पाहिजेत. शिक्षक मुलं खरोखर मोजतात की हजेरीपटावर बघून "सगळी हजर" म्हणतात, ते कळेलच!

दुसऱ्याचं मूल लपवायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून घरचंच घेतलं, माझी सात वर्षांची भाची. तिला घरात सगळे 'वकील' म्हणतात, कारण "झोप" म्हटलं तरी ती "किती वाजेपर्यंत?" असं विचारते. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, शिवणकाम करते. लेकीला तिने आजवर एक दिवस कुणाकडे सोडलं नव्हतं. शिबिराला पाठवताना फाटकात उभी राहून म्हणाली होती, "ताई, फक्त तुझ्या भरवशावर पाठवतेय. नजरेआड करू नकोस." मी म्हणाले, "डोळ्यात तेल घालून बघेन!"

आणि अकराला दहा कमी असताना त्याच मुलीला मी पहिल्या मजल्यावरच्या खेळाच्या खोलीत, गाद्यांच्या ढिगामागे बसवलं.

"मी येईपर्यंत इथून हलायचं नाही."

"आणि कंटाळा आला तर?"

"तरीही नाही."

"चड्डीत मुंगी गेली तर?"

"वकील, दहा मिनिटांचा प्रश्न आहे गं!"

दार आपोआप बंद होणारं, आणि आतून मूठ नाही. म्हणून मी दारात एक जड चेंडू अडकवून ठेवला, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खाली साहेबांशेजारी जाऊन उभी राहिले.

अकराच्या ठोक्याला रखवालदाराने घंटा बडवली. दोन्ही जिन्यांवरून पिवळ्या टोप्या खाली उतरल्या. मी एक शिट्टी मारली, रांगा लागल्या. दोन मारल्या, मोजणी झाली. साहेबांच्या हातात घड्याळ, माझ्या हातात शिट्टी!

"एकोणीस हजर!" खेळाचे सर ओरडले.

"एकोणीस हजर!" चित्रकलेच्या बाई ओरडल्या.

एकोणीस आणि एकोणीस अडतीस! सापडले की नाही जाळ्यात? मला इतका आनंद झाला, की रांगेकडे नीट बघायचंही मला सुचलं नाही.

"साहेब," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एक मूल अजून आत आहे. मी मुद्दाम ठेवलंय. आणि यांना पत्ताच नाही!"

"अहो मॅडम, पण मी स्वतः डोक्याला हात लावून..." सर म्हणाले.

"पण-बिण काही नाही! आणते मी तिला, मग बोला!"

मी तरातरा वर गेले. दार ढकललं, चेंडू पायाने बाजूला सारला आणि विजयी सुरात म्हणाले, "चल वकील, जिंकलो आपण!"

गाद्यांमागे कुणी नव्हतं.

गाद्या उचलल्या. जाळ्या झटकल्या. दोऱ्यांच्या पेटीत डोकं घातलं. नाही! कोपऱ्यात तिची केसांची एक पिन तेवढी पडली होती. आणि माझ्या पाठीमागे दार शांतपणे बंद झालं.

मुलगी कुठे गेली? गच्चीवर? मागच्या फाटकातून रस्त्यावर? दाराला आतून मूठ नाही, मीच काढून घेतलेली! फोन खाली टेबलावर, कारण सरावात हातात फोन नको, हाही माझाच नियम. मी दारावर धक्के मारले, नखांनी ओढून बघितलं. डोळ्यांपुढे बहीण उभी राहिली. काय सांगू मी तिला? खरं सांगते, इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग आठवलं, गळ्यात शिट्टी आहे! मदतीला बोलवायचं म्हणून मी जीव खाऊन वाजवली. एकदा, दोनदा, तीनदा!

गाद्यांवर चढून मी वरच्या झरोक्याला डोळे लावले. खाली मुलं, दोन शिक्षक आणि रखवालदार हात डोक्यावर ठेवून जमिनीवर बसले होते. शिस्तीत! एकही माणूस इमारतीकडे फिरकेना.

मी पुन्हा तीन शिट्ट्या मारल्या. ते आणखी खाली वाकले.

"वर या!" मी झरोक्यातून ओरडले. चार आठवड्यांत बसलेला घसा, आवाज कितीसा निघणार!

"बसलोय, मॅडम!" सर उत्साहाने ओरडले. "अगदी हलत नाही!"

"अहो, दार उघडा माझं!"

"पान अकरा, मॅडम! आत जायचं नाही!" चित्रकलेच्या बाईंनी मला धीर दिला.

आता उरले साहेब. त्यांना माझी नियमावली लागू नव्हती. मी त्यांच्याकडे हात जोडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. साहेबांनी वर बघितलं, मान डोलावली आणि वही काढली.

"वा! बाईंनी अडकलेल्या माणसाची भूमिका स्वतः घेतली!" ते सरांना म्हणाले, ते मला स्पष्ट ऐकू आलं. "नाहीतर लोक पुतळा ठेवतात. आणि काय हुबेहूब रडतायत!"

"मी खरी रडतेय हो!"

"बघा, बघा!" साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन करून शिडीची गाडी मागवली. जिना होता, पण तीन शिट्ट्या झाल्या की जिन्यात धूर आहे असं धरायचं, हे माझ्याच नियमावलीत होतं!

गाडी यायला वीस मिनिटं लागणार होती. वीस मिनिटांत सात वर्षांचं मूल किती लांब जातं, याचा हिशेब करत मी उभी होते. झरोक्यातून टोप्या मोजल्या. एकदा छत्तीस भरल्या, एकदा एकेचाळीस. डोळ्यांत पाणी असलं की टोप्या मोजता येत नाहीत. शेवटी लाज सोडली आणि उरलासुरला आवाज एकवटून ओरडले, "माझी भाची हरवलीय! शोधा तिला कुणीतरी!"

पुढच्या रांगेतल्या एका पिवळ्या टोपीने डोक्यावरचा एक हात उचलून वर केला.

"मावशी, मी एक सांगू?"

"मध्ये बोलू नकोस!" मी खेकसले. "इथे एक मुलगी हरवलीय आणि तुझं काय मध्येच!"

हात खाली गेला. क्षणभराने परत वर आला.

"पण मावशी, ती मुलगी मीच आहे."

टोपी वर झाली. खाली वकिलाचा चेहरा! मी झरोक्याची जाळी घट्ट धरली, नाहीतर गाद्यांवरून खालीच आले असते.

"तू... तुला हलू नकोस म्हटलं होतं ना!"

"ते तू एकदाच म्हणालीस," ती म्हणाली. "घंटा झाली की हातातलं टाकून मैदान, हे तू रोज म्हणतेस. मग मी रोजचं धरलं."

यावर अपील नव्हतं. मी गाद्यांवर फतकल मारून बसले आणि आधी रडले, मग हसले, मग दोन्ही एकत्र केलं. म्हणजे सरांनी मोजणी नीट केली होती. बाईंनीही नीट केली होती. मुलांनी सगळे नियम पाळले. इमारतीत परत जायचं नाही, हा नियम मोडणारा आख्ख्या शाळेत एकच माणूस होता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लांबवण्यासारखं त्यात काही नाही. तीन शिट्ट्या मागे कशा घ्यायच्या, हे बावीस पानांत कुठेच नव्हतं, म्हणून दार उघडायला कुणी वर आलं नाही. शिडीची गाडी आली. झरोक्यातून मी जाणं शक्य नव्हतं, ते खाली उभ्या असलेल्या रखवालदारालाही दिसत होतं. जवानांनी झरोका चौकटीसकट काढला. मला डोक्यावर शिरस्त्राण घालून, कमरेला पट्टा बांधून, दोन जवानांच्या मध्ये एकेक पायरी खाली उतरवलं. शनिवार असल्यामुळे बारा वाजता शिबिर सुटतं. सगळे आईबाप फाटकात जमले होते. मुलं टाळ्या वाजवत होती, पण डोक्यावरचे हात काढायचे नसल्यामुळे डोक्यावरच!

फाटकात सगळ्यात पुढे माझी बहीण होती.

"ताई! काय झालं? पोर कुठाय?"

"पोर व्यवस्थित आहे," मी मान खाली घालून म्हणाले.

तेवढ्यात वकील धावत आली. आईकडे गेलीच नाही. सरळ माझ्या कमरेला मिठी मारली, पट्ट्यासकट. तिचं नाक लाल झालं होतं.

"तू आत राहिलीस ना, म्हणून मी हात वर केला होता," ती हुंदके देत म्हणाली. "सगळ्यांनी मुलंच मोजली. तुला कुणी मोजलंच नाही!"

चार आठवडे मी सगळ्यांना मोजत होते. मला मोजणारं कुणी असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी तिला उचलून घेतलं, तर साहेब म्हणाले, "हळू, अजून शिडीला बांधलेल्या आहात."

सोमवारी साहेबांचा अहवाल आला. मुलं : उत्कृष्ट. शिक्षक : उत्कृष्ट. शिबिराला परवानगी, फक्त एका अटीवर. ती मुख्याध्यापकांनी मला मोठ्याने वाचून दाखवली आणि तिची अंमलबजावणी त्याच सकाळी सुरू झाली.

तेव्हापासून रोज मैदानात अडतीस मुलांची हजेरी झाली, की पहिल्या रांगेतून एक टोपी बाहेर येते, कागद बघते आणि माझं नाव पुकारते. मी "हजर" म्हणते. मग ती जवळ येऊन माझं बोट पकडते आणि सराव संपेपर्यंत सोडत नाही. काल मला पाणी प्यायला जायचं होतं.

"किती वाजेपर्यंत?" तिने विचारलं.