आदर्श सासूचं डोकं

आदर्श सासूचं डोकं चुलीशेजारच्या फळीवर वाळत होतं. ते पाहून मुशर्रफ आयांनी हातातला कांदा खाली ठेवला.

"हे माझं नाक आहे," त्या सुनेला, ओयदिनला म्हणाल्या.

"नाही हो आया. साधं नाक आहे. कुणाचंही असेल."

"कुणाचंही कसं असेल? साठ वर्षं मी वागवतेय."

डोकं ज्या बाहुलीचं होतं, ती मोहल्ला समितीनं मागवली होती. शुक्रवारी आदर्श सासू स्पर्धा होती आणि पहिल्या क्रमांकाला प्रशस्तिपत्र नि ही बाहुली मिळणार होती. बाहुली नीट झाली तर चौकातली रिकामी खोली ओयदिनला कामासाठी द्यायची, असा शब्द समितीचे अध्यक्ष कोमिल अका यांनी दिला होता. चार वर्षं ओयदिन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कागदाचा लगदा मळत होती आणि जेवणाची वेळ झाली की पातेली, डोकी, हातपाय उचलून अंगणात नेत होती. चौकातल्या खोलीला खिडकी होती. बाजाराला जाताना ती रोज त्या खिडकीपाशी थांबायची.

मुशर्रफ आया स्पर्धेत होत्या. बक्षिसाला त्यांचं नाक असलं तर निकाल घरातच लागला असं लोक म्हणाले असते. वाळलेला लगदा खरवडला की तडे जातात, त्यामुळे चूक काढून टाकता येत नाही, तिच्यावर भर घालावी लागते. मोहल्ला समितीचा कारभारही याच पद्धतीनं चाले. ओयदिननं एक थर देऊन नाक रुंद केलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोसियत खाला चाळणी मागायला आल्या. त्याही स्पर्धेत होत्या.

"माझ्या सुनेनं सांगितलं ना तुला, सासूचं नाक पसरट आहे म्हणून?"

"खाला, तुमची सून माझ्याशी बोलतसुद्धा नाही."

"का बोलत नाही? काय लपवतेय?"

ओयदिननं गाल फुगवले, म्हणजे नाक त्यांच्यात बुडालं. बुधवारी खुद्द कोमिल अका पाहणीला आले.

"तोंड उघडं का आहे हिचं?"

"हसतेय ती, अका."

"माझी आईपण स्पर्धेत आहे. तिच्या बोलण्यावर टोमणा मारलाय म्हणतील. तोंड मिटव." त्यांनी डोकं उजेडात धरलं. "आणि ही बघतेय कुठं? समोर? जिल्ह्याचे साहेब येणार आहेत. साहेबांकडे असं रोखून बघतात का?"

तोंड मिटलं. पापण्या उतरल्या. कान कुणाचे तरी निघतील या भीतीनं ओयदिननं आपणहून त्यांच्यावर रुमाल बांधला. गुरुवारी दुपारी तिनं डोकं कापसानं भरलेल्या रेशमी अंगावर बसवलं. ते आता मूळच्या दुप्पट जड झालं होतं. मानेतली काडी वाकली आणि डोकं छातीवर आलं. तिनं ते वर केलं, ते पुन्हा खाली आलं. अंग उसवून जाड काडी घालायला आणि सगळं परत वाळवायला दोन दिवस हवे होते. हाताशी एक संध्याकाळ होती.

शुक्रवारी व्यासपीठावर साहेबांनी बाहुलीवरचं कापड काढलं. कोमिल अका साहेबांच्या चेहऱ्याकडे बघू लागले, कारण स्वतःचा चेहरा कसा करायचा ते त्यावरून ठरणार होतं. ओयदिननं मनातल्या मनात ती खिडकी सोडून दिली.

"डोळे खाली," साहेब सावकाश म्हणाले. "तोंड बंद. कान झाकलेले. मान झुकलेली." त्यांनी बाहुली उंच धरली. "ही सासू नाही. ही सून आहे, सकाळी उठून सलाम करतेय. मंडळी, अशा सुना राहिल्यात कुठं?"

पहिली टाळी सासवांच्या रांगेतून आली. ओयदिनला पुढं ढकललं. घाबरून तिनं मान खाली घातली, तेव्हा साहेब म्हणाले, "बघा, कलावंत स्वतःवरूनच घडवतो." स्पर्धा तिथल्या तिथं आदर्श सुनेची झाली. प्रशस्तिपत्रावरचा 'सासू' हा शब्द कोमिल अकांनी पेनानं खोडला.

"आणि खोली, अका?" ओयदिननं खाली उतरल्यावर विचारलं.

"अगं पोरी, आता कशी देणार? आदर्श सून घर सोडून चौकात जाऊन बसली तर लोक काय म्हणतील?"

खोलीत कोमिल अकांच्या पुतण्यानं मोबाईल दुरुस्तीचं दुकान थाटलं.

शनिवारपासून सासवा येऊ लागल्या. प्रत्येकीला अशीच बाहुली हवी होती. सुनेच्या उशाशी ठेवली की ती बघून बघून शिकेल, असा हिशेब होता. आठवड्याभरात स्वयंपाकघरात डोकी ठेवायला जागा उरली नाही. मुशर्रफ आयांना बक्षीस मिळालं नव्हतं, पण आदर्श सुनेची सासू मोहल्ल्यात एकच होती आणि तिच्या घरी येणाऱ्यांना कांद्याच्या वासात बसवणं शोभणारं नव्हतं. त्यांनी पाहुण्यांच्या मोठ्या दालनातले गालिचे स्वतः गुंडाळले आणि सुनेचं काम तिथं हलवलं. दालनाला दोन खिडक्या होत्या. सुनेचे हात दिवसभर लगद्यात, त्यामुळे चूल आयांकडे आली, आणि गिऱ्हाइकांचा चहाही.

खोसियत खाला आपली बाहुली न्यायला आल्या. त्यांनी ती सगळीकडून निरखली.

"मान अजून थोडी खाली हवी."

"किती, खाला? नीट सांगा. कमी वाकली तर उर्मट दिसते, जास्त वाकली तर झोपलेली."

तेवढ्यात चहाची किटली, प्याले आणि रोट्या मांडलेलं तबक दोन्ही हातांत धरून मुशर्रफ आया उंबरा ओलांडत होत्या. काही सांडू नये म्हणून नजर तबकावर, ओठ घट्ट मिटलेले.

"अशी," खाला म्हणाल्या. "अगदी अशी."

ओयदिननं पेन्सिल उचलली. "आया, जरा तशाच थांबा."