भामरेभाऊंचं नाजूक अक्षर

आमच्या कारखान्याच्या ट्रान्सफॉर्मरवर ‘धोका’ अशी पाटी लागली, आणि कामगार तिच्यापुढे उभे राहून फोटो काढू लागले. इतकी ती सुंदर होती. छापली होती भामरेभाऊंनी.

सिल्वासाहून अथालकडे जाताना त्यांचं छपाईचं दुकान लागतं. माणूस शिरपूरकडचा, मिशा झुपकेदार, आवाज बसस्टँडवरचा. पण जीव जडला तो एका बारीक, वळणदार, हातानं लिहिल्यासारख्या दिसणाऱ्या फॉन्टवर. लग्नपत्रिका असो, श्रद्धांजलीचा फ्लेक्स असो की पिठाच्या गिरणीचा बोर्ड, सगळं त्यातच. एका ओळीची वेलांटी दुसरीच्या गळ्यात. “वाचता येत नाही हो,” म्हटलं की म्हणणार, “साहेब, वाचायची काय घाई? आधी पाहा तर खरं!”

मी पडलो नाशिकचा, त्यात इंजिनिअर, म्हणजे रसिकता नको तितकी. घराची पाटी त्याच अक्षरात करून घेतली. तेव्हापासून कुरिअरवाला शेजाऱ्यांना विचारतो, “वो रेघोट्यावाले साब किधर रहते हैं?” बायको म्हणाली, “काढा ती पाटी.” मी म्हणालो, “तुला कला कळत नाही.” त्याच आठवड्यात भाऊंनी छापलेली एक पत्रिका घेऊन मी खानवेलला गेलो आणि भलत्याच लग्नात जेवून आलो. वर आहेरही देऊन आलो. बासुंदी मात्र फक्कड होती.

मग भाऊंच्याच मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका हातात आली आणि मी उडालोच. काळी, जाड, ठोकळेबाज अक्षरं, खताच्या पोत्यावर असतात तशी.

“भाऊ, हे काय हो?”

भाऊंनी खुर्ची पुढे ओढली. “आमच्या घरभरणीच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून सर्वांत वर दादाचं नाव टाकलं होतं. हौसेनं, नाजूक. दादा दुसरी शिकलेला. त्याले ते अक्षर लागलंच नाही. त्याले वाटलं, धाकट्यानं आपलं नाव गाळलं. विचारलं बी नाही कोणाले, मानी माणूस! वहिनीनं मागून सांगितलं. गावी गेलो तर उठून शेतात निघून गेला. साहेब, मले त्यानंच वाढवलं. तो आला नाही तर पोरीच्या मांडवात मी पोरका.”

लग्नाच्या दिवशी मुहूर्त जवळ आला तरी भाऊ मांडवाच्या दाराशीच. भटजी हाका मारून थकले, वरपक्ष कुरकुरू लागला. शेवटी एका रिक्षातून पांढरी टोपी उतरली. दादा!

ना राम राम, ना हसू. त्यांनी खिशातून पत्रिका काढली आणि बोट ठेवून, सगळ्यांच्या देखत, एकेक अक्षर लावत स्वतःचं नाव वाचलं. दुसऱ्याचं वाक्य कधी पुरं होऊ न देणारे भामरेभाऊ हात जोडून उभे होते. एक अक्षर पुढे बोलले नाहीत.

नाव संपलं. दादांनी धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला. “चाल, पोरगी खोळंबली.” भाऊ ओक्साबोक्शी रडले.

माझे ओले डोळे बायकोनं पाहिलेच. “धूर गेला,” मी म्हणालो. जेवण बाहेरून आलं होतं. मांडवात साधी उदबत्तीसुद्धा अजून पेटली नव्हती.