वजा बासष्ट

शाळेने पाठवलेली चार मुलं शिकायला नव्हे, हेरायला आली आहेत, असं काकांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. जनावरांच्या दवाखान्यात ते अठरा वर्षं मदतनीस होते. "यांना सहा आठवड्यांत तयार करा, एकाला आपण ठेवून घेऊ," एवढंच डॉक्टर म्हणाले होते. पण दवाखान्यात मदतनिसाची जागा एकच होती आणि तिच्यावर काका होते.

तेव्हापासून ते डोळ्यांत तेल घालून मुलांची चूक शोधत होते. एक ठसठशीत चूक मिळाली की चौघांची रवानगी परत शाळेत. वेणीवाली मुलगी प्रश्न विचारायची आणि उत्तरं वहीत लिहून घ्यायची. काकांना तो पुरावा गोळा करण्याचा प्रकार वाटे. चष्मेवाला मुलगा काहीच विचारत नसे. म्हणजे तो आणखी पोचलेला.

सहाव्या आठवड्यातल्या मंगळवारी शिवणकाम करणाऱ्या बाई आपला बोका ढोल्या घेऊन आल्या. मांजर काट्यावर स्वस्थ बसत नाही. म्हणून त्याला कवेत घेऊन आपण काट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून आपलं वजन वजा करायचं, ही दवाखान्याची रीत. ती मुलांना काकांनीच शिकवली होती. ढोल्या सहा महिने पथ्यावर होता आणि सहा महिने काकांच्या मोजणीत सात किलो तीनशेवरून तसूभर हलला नव्हता. "हाताला हाडं लागतात हो," असं बाई म्हणत. "काहींची हाडंच जड असतात," असं काका सांगत.

त्या दिवशी ढोल्याला वेणीवालीने उचललं.

"चार किलो तीनशे."

"किती?" काकांनी कान टवकारले. "दे गं याच्याकडे."

चष्मेवाल्याच्या हातातही चार तीनशेच. दोघांचं आधीच ठरलेलं दिसत होतं. काकांनी खाद्याची पाच किलोची पिशवी काट्यावर ठेवली. काटा पाच दाखवून गप्प राहिला.

"बाई, हा बोका तुमचाच ना?"

"म्हणजे काय! कान फाटलाय बघा की त्याचा."

"कान काय, कुणाचाही फाटतो." काकांनी आतले पिंजरे तपासले. एकात ससा होता, दुसऱ्यात कासव. मग त्यांनी चष्मेवाल्याचं दप्तर उघडायला लावलं. आत जेवणाचा डबा निघाला.

"काका, डब्यात बोका कसा मावेल?" वेणीवालीने विचारलं.

"तू गप्प बस. मी बोका शोधत नाहीये, लबाडी शोधतोय."

ती सापडेना, तेव्हा त्यांनी स्वतःच ढोल्याला उचललं. एकोणसत्तर किलो तीनशे. "वजा बासष्ट. सात तीनशे!" काका गरजले. "माझ्या हातात सात, तुमच्या हातात चार. आता बोला!"

"काका," वेणीवालीने वहीतून डोकं वर काढलं, "बासष्ट कधीचे?"

"कधीचे म्हणजे? माझे आहेत."

"नाही, पण शेवटचं वजन कधी केलंत?"

"इथं लागलो तेव्हा. का गं?"

"नुसतेच उभे राहता?"

नाही म्हणावं तर बाई बघत होत्या. काका ढोल्याला चष्मेवाल्याकडे देऊन उभे राहिले. काटा पासष्टवर थांबला.

"म्हणजे बोका वाळत होता आणि तेवढेच काका भरत होते," चष्मेवाला सहा आठवड्यांत पहिल्यांदाच बोलला.

"अगं बाई!" बाई मटकन बाकावर बसल्या. "अहो, जाऊ चोरून दूध पाजते म्हणून मी तिच्याशी अबोला धरलाय! सहा महिने! लेकरांच्या शपथा घेतल्या हो तिनं. आता आधी बोलायचं कुणी?"

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. "किती भरला?"

पोरांनी घोटाळा केला, एवढं म्हटलं की काम फत्ते होतं. काकांनी तोंड उघडलं.

"अजून सातच वाटतं," डॉक्टर म्हणाले. "मग खाणं आणखी निम्मं करू."

चष्मेवाल्याने परत दिलेल्या ढोल्याने काकांच्या दंडावर हनुवटी टेकली. तिथेही हाडच लागलं.

"चार तीनशे," काका म्हणाले. "बोका बरोबर आहे, डॉक्टर. वाढलोय तो मी."

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आत या. काटा घेऊन या."

दार लागलं. अठरा वर्षं संपली, असं समजून काकांनी मनातल्या मनात खुंटीवरची पिशवी उतरवली.

"कुत्र्याची पिल्लं मी स्वतः उचलतो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "माझं वजन मी कॉलेजातलंच धरतो. जरा तोंड तिकडे करा."

काकांनी भिंतीकडे तोंड केलं. मागे काटा करकरला. "हे बाहेर कळता कामा नये," मागून आवाज आला. मग डॉक्टर खाली उतरले आणि काकांसाठी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. अठरा वर्षांत असं घडलं नव्हतं.

"काका," डॉक्टरांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, "तुम्ही दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात जायच्या विचारात तर नाही ना?"